धडधड वाढली म्हणजे ताणच आला का?

मॅनिकिनवर सीपीआरचा सराव करणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनगटावर सेन्सरचा पट्टा बांधायचा आणि त्याला किती ताण आला ते मोजायचं. संशोधनासाठी विषय छान वाटतो. मॉडेल शिकवायला ‘वेसॅड’ हा खुला डेटासेटही मिळतो. पण तो वापरण्याआधी फिलिप श्मिट आणि सहकाऱ्यांचा २०१८चा मूळ पेपर नीट वाचा.

पेपर चांगलाच आहे. छाती आणि मनगट, दोन्हीकडची मोजणी आहे. मॉडेलची चाचणी दरवेळी त्याने आधी न पाहिलेल्या माणसावर घेतली आहे. ताण आहे की नाही, हे ९३ टक्क्यांपर्यंत अचूक ओळखता आलं. आता खोलात जाऊ. माणसं फक्त १५, त्यांत स्त्रिया ३. शिवाय डेटात ताणाचा वाटा साधारण ३० टक्केच. म्हणजे डोळे मिटून प्रत्येक वेळी ‘ताण नाही’ म्हटलं तरी ७० टक्के उत्तरं बरोबर! ९३ची तुलना शून्याशी नाही, ७०शी करायची.

खरी अडचण पुढेच आहे. तिथे ताण दिला तो परीक्षकांपुढे भाषण आणि तोंडी वजाबाकी करायला लावून. यात अंगमेहनत जवळजवळ नाही. सीपीआरमध्ये मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटिमीटर खोल छाती दाबावी लागते. घाम येणार, नाडी वाढणार, हात हलल्याने मनगटावरचा सिग्नलही बिघडणार. मॉडेल या सगळ्याला ‘ताण’ म्हणू शकतं. उद्या यावर गुण द्यायचे ठरले, तर जीव तोडून दाबणारा घाबरट ठरेल आणि गोंधळून नुसता उभा राहिलेला शांत दिसेल.

मग काय करायचं? त्याच विद्यार्थ्याकडून, त्याच लयीत, पण रुग्णाची गोष्ट आणि परीक्षक नसताना मॅनिकिन दाबून घ्या. दोन्ही वेळच्या नोंदींतला फरक पाहा. हालचालीची नोंद वेगळी तपासा. सराव संपल्याबरोबर विद्यार्थ्याला प्रश्नावलीतून विचारा. आणि निष्कर्षात ‘शरीर उत्तेजित झालं’ एवढंच सिद्ध होत असेल, तर तेवढंच लिहा. गाईड विचारतील, ‘हा ताण कशावरून?’ त्याचं उत्तर प्रयोगाच्या आखणीतच असायला हवं, नंतर सॉफ्टवेअरमधून ते काढता येत नाही.