नाताळची भेट : स्टीफन्सच्या चार ओव्या

नाताळच्या आठवड्यात वसईत घराघरांतून ताटे फिरतात. निर्मळ, नंदाखाल, गास, पापडी, रमेदी, कुठल्याही गावात जा, तरुण मंडळी येशूजन्माचा गोठा उभारण्यात गुंतलेली असतात आणि घरातल्या बाया केकचे, करंज्यांचे ताट झाकून शेजारी धाडत असतात. काही घरांतून त्या ताटासोबत पुस्तक येते. ही चाल मला फार प्रिय आहे. 'सुवार्ता' मासिकाने या पट्ट्याला वाचनाची गोडी लावली. त्याचे संपादन पुष्कळ वर्षे सांभाळणाऱ्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल', सिसिलिया कार्व्हालो यांचे कवितासंग्रह अशी पुस्तके नाताळची भेट म्हणून हातात पडलेली मी पाहिली आहेत. माझ्याकडे अशा भेटींचा एक कप्पाच आहे. त्यातले फादर थॉमस स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' मात्र मी दर डिसेंबरात बाहेर काढते. कॅरिदाद द्रागो यांनी संपादित केलेली, पॉप्युलर प्रकाशनाची १९९६ ची आवृत्ती. माझ्या धर्ममातेने दिलेली.

ग्रंथ मोठा आहे. 'पहिले पुराण' ३६ अवस्वरांचे, म्हणजे अध्यायांचे, 'दुसरे पुराण' ५९ अवस्वरांचे, सगळ्या मिळून सुमारे ११ हजार ओव्या. १६१६ साली गोव्यातल्या राशोलला तो पहिल्यांदा छापला गेला, तेव्हा वसईच्या किल्ल्यावरही पोर्तुगीजांचेच निशाण होते. त्या छापील ग्रंथाचे पोर्तुगीज नाव लांबलचक होते आणि त्याचा आशय असा, की आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगात येण्याविषयीचे हे निरूपण. म्हणजे नावापासूनच त्याचे नाताळशी नाते आहे. एवढा मोठा ग्रंथ भेट मिळाला की माणूस दबकतो, कपाटात उभा करून ठेवतो. माझे म्हणणे इतकेच, की पहिला अवस्वर उघडावा आणि तिथे निवांत थांबावे. ग्रंथाचे सगळे ऐश्वर्य तिथे आहे.

आरंभ नमनाने होतो. परमेश्वराला वंदन, त्याच्या सामर्थ्याची स्तुती, मग संतांची आठवण. ज्याने एकदा तरी पोथी ऐकली आहे त्याला ही बैठक ओळखीची वाटते. इंग्लंडच्या विल्टशरमध्ये जन्मलेला आणि १५७९ मध्ये गोव्याला उतरलेला हा येशूसंघीय धर्मगुरू मराठी श्रोत्यांसमोर बसतो तो आपल्याकडच्या पुराणिकासारखा, आपल्याच रीतीने. ओवीही ग्रंथांची नेहमीची आहे : पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. या आखूड चौथ्या चरणाकडे लक्ष ठेवा. स्टीफन्सची खरी करामत तिथे आहे.

याच अवस्वरात ग्रंथ का लिहिला त्याची हकिगत येते. साष्टीतल्या एका देवळात, म्हणजे गोव्याच्या साष्टीत, आपल्या खाडीपलीकडच्या नव्हे, रविवारी धर्मशिक्षण चालले आहे. ते संपल्यावर एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण उठून विनंती करतो, की जुनी पुराणे तुम्ही आम्हाला वर्ज्य केलीत, तर त्यांच्यासारखे दुसरे काही आम्हाला का करून देत नाही? केवढे धीट वाक्य आहे हे! पाद्री त्या काळच्या सत्तेच्या बाजूचा, आणि त्याच्यासमोर उभा राहून हा माणूस सांगतो, की आमच्या हातातून पुस्तक गेले आहे आणि हात रिकामा आहे. स्टीफन्सची थोरवी अशी, की त्याने ते वाक्य झाकले नाही. आपल्या ग्रंथाच्या दारातच ते बसवून ठेवले. वाचकाच्या मागणीतून जन्मलेले पुस्तक आणि त्या मागणीची नोंद पुस्तकातच, हा योग मला अन्यत्र क्वचितच भेटला आहे. नाताळात देण्याघेण्याला याहून योग्य पुस्तक मला सुचत नाही.

आता त्या चार ओव्या. मराठीच्या स्तुतीच्या म्हणून त्या शाळेच्या वर्गातून, मराठी भाषादिनाच्या भाषणांतून सारख्या ऐकू येतात आणि नेमके म्हणूनच त्या नीट वाचल्या जात नाहीत. पहिलीत खडे आहेत. खड्यांत रत्न शोभते, रत्नांत निळा हिरा, तशी भाषांत मराठी. इथे चाळणी दोनदा लागते. पहिल्या चरणात खड्यांतून रत्ने निघतात, दुसऱ्यात रत्नांतून हिरा निघतो, आणि तिसऱ्या चरणात भाषेचे नाव न घेता नुसते तिचे चोखपण येते. नाव कुठे आहे? आखूड चौथ्या चरणात, अगदी टोकाला. वाचणाऱ्याचा श्वास तीन चरण वर चढतो आणि त्या नावावर उतरतो. चारही ओव्यांत 'मराठी' शेवटी येते, पण रूप बदलत जाते. कुठे सरळ प्रथमा, तर एका ओवीत ती चतुर्थीत आहे : तिथे मराठीला मान दिला जातो, ती मानाची धनीण होते. एकच नाव चार वेळा एकाच जागी बसवून ते कंटाळवाणे होऊ न देणे ही व्याकरणाची नजाकत आहे आणि ती कानाला आधी कळते.

दुसरी ओवी डोळ्यांकडून नाकाकडे वळते. फुलांत मोगरा, सुगंधांत कस्तुरी. संस्कृत कवीने इथे कमळ घातले असते. कॅथलिक धर्मगुरूच्या मनात पवित्र मरियेची खूण असलेले लिलीचे फूल सहज आले असते. स्टीफन्स अंगणातला मोगरा उचलतो. वसईच्या वाड्यांत मोगरा पहाटे खुडणाऱ्या माणसांना ही निवड किती अचूक आहे ते सांगायला नको. आणि मोगऱ्यालगत कस्तुरी, जी बहुतेकांनी हुंगलेलीही नसते. तिसरीत पक्ष्यांत मोर आणि झाडांत कल्पतरू : एक रानात दिसणारा, दुसरा कुणीच न पाहिलेला. प्रत्येक जोडीत एक जवळचे, एक दूरचे. चौथ्या ओवीत हा क्रम उलटतो. आधी दूरचे तारे आणि त्यांत बारा राशी, नंतर जवळचे, म्हणजे आठवड्याचे वार, आणि त्यांत रवी व शशी. वारांची ही निवड डोळस आहे. रविवार-सोमवार म्हणताना सूर्य-चंद्रही म्हटले जातात, त्यामुळे ताऱ्यांवरून कालगणनेवर येताना पाय आकाशातून सुटत नाही. पायाखालच्या खड्यापासून निघालेली स्तुती चार ओव्यांत आकाशापर्यंत जाते आणि तिथून रोजच्या वारांत येऊन ठेपते.

कल्पतरूपाशी मी दर वेळी थांबते. हा वृक्ष स्वर्गातला, इंद्राच्या नंदनवनातला. तो वर्ज्य ठरलेल्या पुराणांचाच आहे. पुराणे काढून घेतली, पण त्यांचे झाड नव्या पुराणात उभे राहिले, तेही मराठीची थोरवी सांगायला. स्टीफन्सने हे जाणून केले असे मला वाटते. इतक्या मापून शब्द ठेवणाऱ्या कवीच्या हातून असा शब्द नकळत पडत नाही.

आणखी एक गोष्ट सहज निसटते. पहिल्या ओवीचे यमक 'ळ'वर आहे : किळा, निळा, चोखळा. इंग्रजी मातृभाषेत 'ळ' नाही. परभाषेची स्तुती करायला बसलेला हा माणूस पहिल्याच ओवीत आपल्या जिभेला सर्वांत परका असलेला वर्ण घेतो आणि त्याच्यावर तीन वेळा यमक जुळवतो. हे निव्वळ प्रभुत्व आहे. आणि हा 'ळ' छापायचा कसा? देवनागरीचे खिळे पाडण्याची स्टीफन्सची फार इच्छा होती. १६०८ च्या पत्रात त्याने रोमला आपल्या वरिष्ठांना लिहिले होते, की आमच्या लिपीला २४ साचे पुरतात, इथल्या लिपीला सुमारे ६०० लागतात. ते जमले नाही आणि ग्रंथ रोमन अक्षरांत निघाला. त्यात 'ळ', 'ण' यांच्यासाठी अक्षर दुहेरी लिहायची सोय केली. १९०७ मध्ये मंगळूरला सालढाणा यांनी काढलेल्या आवृत्तीच्या नावातसुद्धा 'पुराण' या शब्दात दोन 'एन' शेजारी उभे आहेत. त्या जोडअक्षराकडे पाहिले की परक्या लिपीत मराठीचा एकही ध्वनी सांडू नये म्हणून धरलेला जीव दिसतो. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या, पण त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे, आणि लंडनला मार्सडेन संग्रहात सापडलेले हस्तलिखित तर देवनागरीतलेच आहे.

ओव्यांइतकेच मला त्याचे गद्य आवडते. प्रस्तावनेत तो सरळ सांगतो : देवाच्या गोष्टी सांगायला या देशच्या भाषांत मराठी योग्य वाटली, पण शुद्ध मराठी सामान्य लोकांना कळत नाही, म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द बाजूला ठेवले आणि इथल्या ब्राह्मणांच्या बोलीतले सोपे शब्द जागोजागी मिसळले. घरी सामवेदी किंवा वाडवळी आणि देवळात प्रमाण मराठी, असे दोन कान घेऊन वाढलेल्या आम्हा वसईकरांना या ओळी आपल्या घरातल्या वाटतात. दोन बोलींची ही मिसळ त्याने सक्तीने केलेली नाही, की लपवलेलीही नाही. हिरा आणि मोगरा एकाच पानावर नांदतात ते याच धोरणामुळे.

पुढे कथा सुरू होते : सृष्टी, पहिले मातापिता, संदेष्टे, आणि दुसऱ्या पुराणात येशूजन्म. मधेच श्रोता शंका काढतो, पाद्री-गुरू थांबतो, उत्तर देतो, मग कथा पुन्हा चालू लागते. म्हणून हे पुस्तक एकट्याने मनात वाचू नये. आमच्याकडे नाताळच्या संध्याकाळी एकजण ओव्या म्हणतो, दुसरा द्रागोंनी दिलेले आजच्या मराठीतले गद्य वाचतो, आणि श्रोत्याचा प्रश्न आला की तो मुलांपैकी कुणीतरी मोठ्याने विचारायचा अशी रीत पडली आहे. मुलांना ग्रंथातले प्रश्न पुरत नाहीत. ती स्वतःचेही घालतात, आणि त्या रात्री दोन-तीन पानांच्या पुढे आम्ही जात नाही.