शेवचेन्को : भूदास आणि राष्ट्रकवी

युक्रेनचा इतिहास बहुधा शेजाऱ्यांनीच लिहिला. पोलिश सरदारांच्या लेखी तो त्यांच्या सरहद्दीवरचा मुलूख होता. पीटर्सबर्गच्या लेखी ते 'छोटे रशिया' होते. १६५४ साली कोसॅकांचा नेता बोहदान ख्मेल्नित्स्की याने पेरेयास्लाव येथे झारचा आश्रय घेतला. कोसॅक त्याला करार समजत राहिले. झारच्या दरबाराने ती शरणागती मानली. पुढे १७७५ मध्ये दुसऱ्या कॅथरीनने कोसॅकांचे ठाणे उद्ध्वस्त केले आणि १७८३ मध्ये नीपरच्या पूर्वेकडील शेतकऱ्यांना जमिनीशी जखडून टाकले. १७८५ मध्ये मात्र कोसॅक पुढाऱ्यांना रशियन उमरावांचे हक्क मिळाले. म्हणजे स्वातंत्र्य गेले ते सर्वांचे, पण त्याच्या मोबदल्यात जमीनदारी मिळाली ती मूठभरांना. हा सौदा ध्यानात घेतल्याशिवाय तरास शेवचेन्कोची कविता कळणार नाही.

शेवचेन्को १८१४ मध्ये कीव्ह प्रांतात भूदासाच्या घरी जन्मला. भूदास म्हणजे जमिनीबरोबर विकला जाणारा माणूस. १८३८ साली ब्र्युलॉव या चित्रकाराने काढलेल्या एका चित्राची सोडत ठेवून २,५०० रुबल उभे करण्यात आले आणि ते मालकाला देऊन त्याची सुटका झाली. भावंडे भूदासच राहिली. १८४० मध्ये त्याचा 'कोबझार' हा संग्रह निघाला तो युक्रेनियन शेतकऱ्याच्या भाषेत.

या भाषेवर पहिला घाव घातला तो झारच्या पोलिसाने नव्हे, तर पुरोगामी समीक्षकाने. बेलिन्स्की हा भूदासपद्धतीचा कट्टर वैरी. १८४२ मध्ये त्याने शेवचेन्कोच्या 'हाय्दामाकी' काव्याची टर उडवली. १८४७ मध्ये शेवचेन्कोला सक्तीने शिपाई करून ओरेनबुर्गकडे हद्दपार करण्यात आले. लिहिण्यास व चित्रे काढण्यास मनाई, ही पुस्ती खुद्द झार पहिल्या निकोलसने जोडली. त्यावर बेलिन्स्कीने खासगी पत्रात लिहिले की, आपण न्यायाधीश असतो तर याहून कमी शिक्षा दिली नसती. आणि याच वर्षी त्याने गोगोलला भूदासपद्धतीविरुद्धचे आपले प्रसिद्ध पत्र लिहिले! भूदास मुक्त व्हावा, पण मुक्त झाल्यावर त्याने आपल्या तोंडाने बोलू नये, अशी ही सहानुभूती आहे. 'ही भाषा नव्हे, बोली' हे ज्यांनी वर्गात ऐकले आहे, त्यांना ती ओळखू येईल.

पुढे १८६३ च्या वाल्युएव परिपत्रकाने या भाषेतील धार्मिक व शिक्षणाची पुस्तके थांबवली आणि १८७६ च्या एम्स येथील हुकुमाने छपाई व नाटके यांवर आणखी बंधने घातली. वेगळी भाषा अस्तित्वातच नाही असे म्हणायचे आणि तिच्यावर बंदीही घालायची, हे राज्यकर्त्यांनाच जमते.

परंतु शेवचेन्कोला केवळ झारविरोधी कवी ठरवणे मला अपुरे वाटते. १८४५ च्या शेवटी त्याने मेलेल्या, जिवंत आणि अजून न जन्मलेल्या देशबांधवांना उद्देशून एक काव्यपत्र लिहिले. त्यातला राग आहे तो घरच्या जमीनदारांवर. पूर्वजांच्या पराक्रमाचे पोवाडे गाणारे, परक्या पंडितांची पुस्तके वाचून स्वातंत्र्याच्या गप्पा मारणारे आणि घरी येऊन आपल्याच शेतकऱ्याला सोलणारे हे लोक! ज्या पूर्वजांचा त्यांना अभिमान, ते मॉस्को आणि वॉर्साचे ताबेदार होते असे तो त्यांना तोंडावर सुनावतो. त्याच वर्षीच्या 'कावकाझ' मध्ये तो रशियन फौजांशी लढणाऱ्या डोंगरी लोकांच्या बाजूने उभा राहतो. ही कविता ज्या मित्राला अर्पण केली आहे, तो त्याच फौजेतून लढताना मारला गेला होता.

सोव्हिएत राजवटीने या कवीतला भूदास ठेवला आणि राष्ट्र बाजूला सारले. कीव्हमध्ये त्याचा भव्य पुतळा उभा राहिला १९३९ मध्ये. मिकोला झेरोव्हसारख्या युक्रेनियन कवी-समीक्षकाला गोळी घातली गेली त्याच्या दोनच वर्षे आधी. युक्रेनियन वर्णमालेतले एक अक्षरही १९३३ मध्ये काढून टाकण्यात आले. ते परत आले १९९० मध्ये. राष्ट्रवाद्यांनी उलटे केले. राष्ट्र ठेवले, आणि जमीनदाराला विचारलेला प्रश्न चौकटीतल्या तसबिरीमागे गेला. २०२२ च्या रशियन आक्रमणात बोरोद्यांकातील त्याच्या पुतळ्याच्या डोक्यात गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा तसबिरीलाच पुन्हा धार आली, हे समजण्यासारखे आहे.

एक गोष्ट मात्र त्याच्या चाहत्यांनी टाळू नये. 'हाय्दामाकी'चा विषय १७६८ चे पोलिश सरदारांविरुद्धचे शेतकरी बंड. उमान येथे त्या बंडात पोलिश लोकांबरोबर ज्यूंचीही सरसकट कत्तल झाली. पोलिश आणि युक्रेनियन हे भाऊभाऊ आहेत, हे सांगायला कवी विसरत नाही. ज्यू मात्र त्याच्या कवितेत सरदाराचा लोभी हस्तक एवढाच उरतो. शोषिताच्या रागाला जवळचा, दुबळा बळी सापडतो तेव्हा कवीने थांबायला हवे होते. १८५८ मध्ये एका नियतकालिकातील ज्यूविरोधी लिखाणाच्या निषेधपत्रावर त्याने सही केली. ती त्याच्या बाजूने अवश्य मांडावी. पण तेवढ्याने 'हाय्दामाकी'तली ती पाने वगळून वाचता येत नाहीत.