नको असलेलं लग्न आणि काळाची पळवाट

देव्हनी स्ट्रॅटन ही न्यूयॉर्कच्या एका गडगंज उद्योगपतीची मुलगी. एकोणिसावं शतक संपत आलंय आणि वडिलांनी तिचं लग्न एका इंग्रज लॉर्डाशी ठरवलंय. त्याला पैसा हवा, यांना किताबवाला जावई हवा. मुलीला विचारण्याचा प्रश्नच येत नाही. ती मदतीसाठी हाक मारते आणि ती हाक शंभर वर्षं ओलांडून विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातल्या एका मुलापर्यंत पोचते. कॅरोलाइन बी. कूनी यांच्या ‘प्रिझनर ऑफ टाइम’ (१९९८) या किशोर-कादंबरीचा हा गाभा. कालप्रवास, पहिलं प्रेम आणि व्हिक्टोरियन घरातलं लादलेलं लग्न अशी तिहेरी मोट तिच्यात बांधलेली आहे.

इंग्रजीतल्या किशोरसाहित्यात या वळणाच्या कादंबऱ्या आवडीने वाचल्या जातात. त्यांना ‘पोरींची पुस्तकं’ म्हणून बाजूला सारणारे समीक्षक कमी नाहीत, पण तेरा ते अठरा वयाच्या मुली लग्नाबद्दल, बापाच्या अधिकाराबद्दल आणि स्वतःच्या होकाराबद्दल पहिला विचार कित्येकदा अशाच पुस्तकांच्या आधाराने करतात. म्हणून हा प्रकार गंभीरपणे तपासायला हवा. काळ ओलांडण्याची युक्ती लग्नाच्या प्रश्नाला भिडते की त्याला बगल देते, हे त्यात पाहायचं.

एच. जी. वेल्स यांचं ‘द टाइम मशीन’ १८९५ सालचं. त्यातला पुरुष स्वतः यंत्र बनवतो, त्यावर बसतो, दांडा ओढतो आणि हवा तिकडे जातो. मुलींच्या कालप्रवासाची परंपरा मात्र वेगळ्या दाराने आली. ॲलिसन अटली यांच्या ‘अ ट्रॅव्हलर इन टाइम’मध्ये (१९३९) पेनेलपी डर्बीशरमधल्या जुन्या शेतघरात राहायला जाते आणि एक दार उघडून पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात पाऊल टाकते. तिथल्या फ्रान्सिस बॅबिंग्टनकडे तिचं मन ओढ घेतं. त्याच्या भावाचा कट फसणार हे तिला ठाऊक असतं, पण ती काही बदलू शकत नाही. फिलिपा पीअर्स यांच्या ‘टॉम्स मिडनाइट गार्डन’मध्ये (१९५८) प्रवास मुलगा करतो. व्हिक्टोरियन बागेत भेटणारी हॅटी मोठी होत जाते, टॉम तेवढाच राहतो. पुढे जिच्याशी लग्न करणार त्या तरुणात हॅटी रमू लागते, तसतसा टॉम तिला विरळ दिसू लागतो. हॅटीचं लग्न सुखाचं आहे, तरी बालपणाचा मित्र हरवण्याची किंमत त्याला चिकटलेली आहे. ही किंमत लपवायची नाही हे पीअर्स यांनी पाळलं. पुढच्या लेखकांपैकी फार थोड्यांना ते जमलं.

ज्यांना जमलं त्यांच्यात रूथ पार्क यांचं नाव पहिलं घ्यावं लागेल. ‘प्लेइंग बीटी बो’ (१९८०) ही कादंबरी सिडनीच्या ‘द रॉक्स’ या जुन्या बंदरवस्तीत घडते. चौदा वर्षांची ॲबिगेल आईबरोबर तिथल्या उंच इमारतीत राहते. वडील घर सोडून गेलेत. आता त्यांना परत यायचंय आणि आई त्यांना पुन्हा घरात घ्यायला निघालीय, म्हणून मुलगी धुमसते आहे. एका लहान मुलीच्या मागे धावता धावता ती १८७३ सालच्या गल्ल्यांमध्ये जाऊन पडते. तिथलं ऑर्कनी बेटांवरून आलेलं कुटुंब तिला आसरा देतं आणि त्या घरातल्या ज्यूडा या तरुण खलाशावर तिचं मन बसतं. पण ज्यूडाचं त्याच्या चुलत बहिणीशी, डव्हीशी, लग्न ठरल्यात जमा आहे. डव्हीचा पाय लहानपणी अधू झाला, त्याला आपण कारण झालो हे ओझं तो वागवतो आहे.

नेहमीच्या साच्यात अशा लग्नाचा खलनायक ठरला असता आणि नायिकेने नायकाला त्यातून सोडवलं असतं. पार्क यांनी डव्हीला इतकं चांगलं, इतकं समजूतदार रंगवलंय की वाचणारी मुलगी पेचात सापडते. ॲबिगेलचं प्रेम खरं आहे आणि ते दुसऱ्या एका मुलीचं आयुष्य उद्ध्वस्त करू शकतं, हेही तितकंच खरं आहे. त्या कुटुंबाच्या दुकानाला आग लागते तेव्हा ॲबिगेल त्याच डव्हीला वाचवते. घरी परतल्यावर आईकडे ती वेगळ्या नजरेने बघते, कारण प्रेमात पडलेलं माणूस किती हतबल असतं हे तिला कळलेलं असतं. ऑस्ट्रेलियात १९७५च्या कुटुंब कायद्याने दोष सिद्ध न करता घटस्फोट घेण्याची मुभा मिळाली, त्यानंतर पाचच वर्षांनी हे पुस्तक आलं. मोडलेल्या घरांतली मुलं आसपास दिसत होती आणि पार्क त्यांच्याशीच बोलत होत्या. त्यासाठी त्यांनी १८७३ साल निवडलं, पण त्या काळाची दुर्गंधी, आजार, मुलींना पळवून नेणारे अड्डे यांतलं काहीही झाकलं नाही.

‘प्रिझनर ऑफ टाइम’ ज्या मालिकेत आहे, तिच्यातलं कूनी यांचं पहिलं पुस्तक ‘बोथ साइड्स ऑफ टाइम’ (१९९५) याच वाटेने निघतं. पंधरा वर्षांची ॲनी लॉकवुड पाडायला काढलेल्या एका हवेलीतून १८९५ सालात जाते आणि त्या घरच्या मुलाच्या, स्ट्रॅटच्या, प्रेमात पडते. इकडे तिच्या वडिलांचं दुसऱ्या बाईशी प्रकरण चालू आहे. तिकडे हॅरिएट नावाची मुलगी स्ट्रॅटशी लग्न होईल या आशेवर जगते आहे. आपल्या आईच्या संसारात जी बाई शिरली, तिचीच जागा हॅरिएटच्या आयुष्यात आपण घेतोय, हे ॲनीला उमगतं तो या पुस्तकाचा सर्वोत्तम क्षण. आशा संपल्यावर हॅरिएट जन्मभर अविवाहित राहण्याच्या भीतीपोटी मनात नसलेल्या माणसाला होकार देते. इथे नको असलेलं लग्न बापाने लादलेलं नाही. भविष्यातून आलेल्या एका गोड मुलीमुळे ते घडतं. एवढी धारदार कल्पना हाताशी आल्यावर कूनी तिच्यावरून झर्रकन पुढे जातात, गूढकथेचा वेग पकडतात, आणि हॅरिएट मागे राहते.

‘प्रिझनर ऑफ टाइम’मध्ये तर प्रश्न अधिकच सोपा होतो. बाप दुष्ट, लॉर्ड कंटाळवाणा, मुलगी असहाय. खऱ्या इतिहासात ही गोष्ट बरीच गुंतागुंतीची होती. कन्सुएलो व्हँडरबिल्ट अठरा वर्षांची होती, दुसऱ्यावर प्रेम करत होती, आणि ६ नोव्हेंबर १८९५ रोजी न्यूयॉर्कमध्ये तिचं लग्न मार्लबरोच्या नवव्या ड्यूकशी लावून देण्यात आलं. सोबत रेल्वे कंपनीचे पंचवीस लाख डॉलरचे शेअर गेले. जबरदस्ती केली ती आईने, ॲल्व्हाने. हीच ॲल्व्हा पुढे स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्याची मोठी आश्रयदाती झाली, आणि १९२६ साली ते लग्न चर्चकडून रद्दबातल ठरवून घेताना मुलीवर आपणच सक्ती केली अशी साक्षही तिने दिली. मुलीला विकणारी आणि बायकांच्या हक्कांसाठी पैसा ओतणारी ही एकच बाई होती. किशोर-कादंबरीतला कुठलाही खलनायक बाप तिच्यापुढे फिका पडतो.

इतिहासाशी ताडून पाहिलं की आणखी एक गोष्ट जाणवते. इंग्लंडमध्ये १९२९पर्यंत बारा वर्षांच्या मुलीचं लग्न कायदेशीर होतं, पण प्रत्यक्षात व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये मुली सरासरी पंचविशीच्या आसपास लग्न करत. सोळाव्या-सतराव्या वर्षी बोहल्यावर ढकललेली मुलगी ही मूठभर श्रीमंत घरांतली गोष्ट. सर्वसाधारण बाईचा पिंजरा वेगळा होता. १८८२च्या कायद्याआधी विवाहितेच्या मिळकतीवर नवऱ्याचा ताबा असे, आणि तो कायदा आल्यावरही पोट भरण्याचे मार्ग थोडेच होते. हॅरिएटची भीती या जातीची आहे. कादंबऱ्यांना मात्र रेशमी झगा, नाचाची रात्र आणि कुलूपबंद खोली अधिक भावते.

लिबा ब्रे यांच्या ‘अ ग्रेट अँड टेरिबल ब्यूटी’त (२००३) कालप्रवास नाही, जादूई प्रदेश आहे, तरी या चर्चेत ती हवीच. १८९५ साली मुंबईत सुरू होणारी ही गोष्ट पुढे इंग्लंडमधल्या मुलींच्या निवासी शाळेत जाते. तिथल्या देखण्या पिपाचं लग्न आईबाप एका थोराड वकिलाशी ठरवतात आणि तिला येणाऱ्या फिट्स त्याच्यापासून लपवतात. नवऱ्याच्या घरापेक्षा जादूचा प्रदेश बरा म्हणून पिपा तिथेच राहायचं ठरवते, आणि इकडे तिचा मृत्यू होतो. काळाची पळवाट काढणाऱ्या सगळ्या पुस्तकांवर ही परखड टीका आहे. पळून जाण्याला ब्रे सुटका म्हणत नाहीत.

त्याआधीच ऑक्टेव्हिया बटलर यांनी ‘किंड्रेड’मध्ये (१९७९) हा साचा मोडून टाकला होता. ती प्रौढांची कादंबरी आहे. तिच्यातली कृष्णवर्णीय डेना गुलामगिरीच्या काळात ओढली जाते आणि तिचा स्वतःचा जन्म व्हायचा तर एका गुलाम स्त्रीने मालकाच्या जबरदस्तीला बळी पडायला हवं, असा भीषण तिढा तिच्यापुढे उभा राहतो. भूतकाळ रम्य वाटण्याची चैन कोणाला परवडते, हा प्रश्न बटलर यांनी विचारला. पुष्कळ किशोर-प्रेमकथांनी तो ऐकलाच नाही.

गेल्या काही वर्षांत बदल झाला तो प्रवासाच्या सूत्रांमध्ये. केर्स्टिन गीर यांच्या ‘रुबिनरोट’पासून (२००९) सुरू झालेल्या जर्मन त्रयीत लंडनची ग्वेंडोलिन काळात फिरते, पण यंत्र एका गुप्त मंडळाच्या ताब्यात आहे आणि कधी, कुठे जायचं ते इतरच ठरवतात. हायडी हायलिग यांच्या ‘द गर्ल फ्रॉम एव्हरीव्हेअर’मध्ये (२०१६) निक्स बापाच्या जहाजावरून नकाशांच्या आधारे काळात फिरते, बापाला १८६८च्या होनोलुलूत परतून तिच्या आईला वाचवायचंय, आणि त्यात निक्सचं अस्तित्वच पुसलं जाण्याचा धोका आहे. निक्स सुकाणू स्वतः हाती घ्यायला शिकते. हा मोठा पल्ला आहे. मात्र इथे लग्नाचा प्रश्न मागे पडला. मुलीच्या हाती सुकाणू आलं आणि नको असलेल्या लग्नाची गोष्ट तिथेच अर्धी राहिली.

ती पुरी करायची तर मुंबई हायकोर्टाचे जुने कागद पाहावेत. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. मोठेपणी त्यांनी नांदायला जायचं नाकारलं, तेव्हा त्यांचे पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ साली तो फेटाळला. अपिलानंतर १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पसंत केला. बायकोला नांदायला भाग पाडण्याच्या ज्या इंग्रजी कायदेशीर उपायाखाली हा दावा चालला, त्यातली कैदेची शिक्षा खुद्द इंग्लंडने १८८४ सालीच काढून टाकली होती. इथे ती शाबूत होती. शेवटी १८८८ साली तडजोड झाली, रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या, आणि संमतिवयाच्या १८९१च्या कायद्यामागे या खटल्याने पेटवलेला वाद होता. हेही व्हिक्टोरियन लग्नच, राणीच्या राज्यातलं आणि राणीच्या न्यायालयातलं. यात भविष्यातून कोणी सोडवायला आलं नाही.

पानिपतचा निकाल उलटला तर काय, हा खेळ जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये मराठी वाचकाला दाखवलाच आहे. तेव्हा आजची एखादी पंधरा वर्षांची मुलगी १८८७च्या त्या कोर्टात जाऊन उभी राहते, अशी कादंबरी मराठीत लिहायला हरकत नाही. अट एकच: तिने रखमाबाईंना वाचवायला जाऊ नये. तिच्याकडे त्यांना शिकवण्यासारखं काही नाही. नकार कसा द्यायचा हे तिनेच तिथे शिकायचं आहे. या साहित्यप्रकाराने आजवर भूतकाळातल्या मुलींना आपल्या काळात आणून मोकळं केलं, आणि त्यांचा काळ होता तसाच सोडून दिला. आपल्याच काळात पाय रोवून ‘नाही’ म्हणणारी नायिका त्याला मिळाली, तर हा प्रकार वयात आला असं म्हणता येईल.