‘खुनी’ गांधीलमाशी: नाव गाजलं, प्रश्न हरवला

२०१९ मध्ये आशियाई महागांधीलमाशी अमेरिकेत सापडली आणि पुढच्याच वर्षी माध्यमांनी तिला ‘खुनी’ ठरवलं. माझा आक्षेप या विशेषणावर आहे. त्याने सगळी भीती माणसाकडे वळवली. खरा धोका मधमाश्यांच्या वसाहतींना होता. जपानी मधमाशी, म्हणजे आपल्या सातेरीची सख्खी बहीणच, शत्रूभोवती गोळा होऊन सुमारे ४६ अंश उष्णतेत त्याला मारते. युरोपीय मधमाशीकडे इतका प्रभावी बचाव नाही, कारण तिची उत्क्रांती या शिकाऱ्यासोबत झालीच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने उच्चाटन जाहीर केलं. तेव्हा ‘आक्रमक कीड’ वाचलंत की आधी विचारा: कुठे? आणि कोणासाठी?