रूप, रूढी आणि अधिकार : इंग्रजीतील शब्दशुद्धीच्या वादासंबंधी

इंग्रजीतील शब्दरूपांच्या शुद्धाशुद्धतेविषयीचे वाद बहुधा व्याकरणाचे वाद म्हणून मांडले जातात. एक रूप नियमाला धरून आहे आणि दुसरे नियमभ्रष्ट आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. हे गृहीत कितपत टिकते, हे पाहण्यासाठी मुद्रक विल्यम कॅक्स्टनने १४९० मध्ये ‘एनेडॉस’ या आपल्या अनुवादाला जोडलेली प्रस्तावना पुन्हा वाचण्यासारखी आहे.

तेथे सांगितलेला प्रसंग सर्वश्रुत आहे. टेम्स नदीतून झीलंडला निघालेले काही व्यापारी वाऱ्याअभावी अडकून पडले आणि किनाऱ्यावर उतरले. त्यांपैकी एकाने एका गृहिणीकडे ‘एग्ज’ मागितली. आपल्याला फ्रेंच येत नाही, असे तिने सुनावले. फ्रेंच त्यालाही येत नव्हते, तो संतापला. दुसऱ्याने ‘एइरेन’ हा शब्द उच्चारला तेव्हा त्यांना अंडी हवी आहेत, हे तिला कळले. ‘एइरेन’ हे जुन्या इंग्रजीतून आलेले रूप, तर ‘एग’ हे स्कँडिनेव्हियन मूळ असलेले. यांतले कोणते लिहावे, असा कॅक्स्टनला पेच पडतो. पुढे परके रूपच प्रमाण ठरले.

या उताऱ्यातील दुसरी गोष्ट मात्र सहसा चर्चेत येत नाही. व्यापाऱ्याने ‘मागितली’ हे सांगताना कॅक्स्टन स्वतः आजच्या ‘आस्क’ऐवजी ‘आक्स’ या धर्तीचे रूप वापरतो, आणि त्याविषयी त्याला कसलाही संकोच नाही. संकोचाचे कारणही नव्हते. जुन्या इंग्रजीत ही दोन्ही रूपे नांदत होती. आज हेच रूप आफ्रिकन-अमेरिकन व काही कॅरिबियन बोलींत ऐकू आले की ते अडाणीपणाचे लक्षण मानले जाते. हा वर्णविपर्यय आहे, म्हणून तो दोष आहे, असे म्हणावे तर आजचे ‘बर्ड’ आणि ‘थर्ड’ हे शब्दही ‘ब्रिड’ आणि ‘थ्रिडा’ यांच्या वर्णविपर्ययातूनच सिद्ध झाले आहेत. त्यांना कोणी अशुद्ध म्हणत नाही. म्हणजे दोष ध्वनिपरिवर्तनात नाही. ते कोणाच्या मुखी आहे, यावर दोष ठरतो.

येथे पतंजलीची आठवण होते. ‘गौः’ या एका शब्दाचे ‘गावी’, ‘गोणी’, ‘गोता’ असे अनेक अपभ्रंश असतात, असे महाभाष्याच्या पस्पशाह्निकात म्हटले आहे. तथापि अर्थबोध शब्दाने आणि अपशब्दाने सारखाच होतो, हे पतंजली मान्य करतो. शब्दच वापरावा हा नियम तो धर्माच्या आधारावर सांगतो, आकलनाच्या नव्हे. या नियमाशी आपण सहमत असू वा नसू. त्याचा आधार मात्र लपवलेला नाही.

या कसोटीवर कॅक्स्टनच्या उताऱ्यातील दोन रूपे एकमेकांपासून वेगळी पडतात. ‘एग्ज’च्या बाबतीत अर्थबोधच खुंटला होता; तेथे समान रूपाची गरज खरी होती. ‘आक्स’चा अर्थ मात्र ऐकणाऱ्याला तत्काळ कळतो, आणि कळल्यानंतरच तो नाक मुरडतो. पहिल्या प्रकारची गरज पुढे करून दुसऱ्या प्रकारची अवहेलना समर्थनीय ठरवणे, हा शुद्धतावाद्यांच्या युक्तिवादातील मूलभूत घोटाळा आहे.

वर्णनवादी कोशकारांची बाजूही मात्र अपुरी आहे. १९६१ च्या वेब्स्टरच्या तिसऱ्या आंतरराष्ट्रीय कोशाने ‘बोलीतील’ अशा अर्थाचा शेरा गाळला, तेव्हा ड्वाइट मॅकडोनल्डसारख्या समीक्षकांनी कोशावर कर्तव्यच्युतीचा आरोप केला. तो आरोप अतिरंजित होता; पण कोशातील शेरा पुसल्याने समाजाच्या मनातील शेरा पुसला जात नाही, हेही खरे. नोकरीच्या मुलाखतीत किंवा साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला कोशाची तटस्थता वाचवू शकत नाही.

म्हणून प्रमाण रूप शिकवावे लागेल. प्रश्न ते कोणत्या शब्दांत शिकवायचे, हा आहे. ‘अमुक ठिकाणी हे रूप अपेक्षित असते’ हे विधान सत्य आहे. ‘तुझे रूप बिघडलेले आहे’ हे विधान, निदान कॅक्स्टनच्या साक्षीने, असत्य आहे. विद्यार्थ्याला संकेताचे ज्ञान देणे आणि त्याला स्वतःच्या घरच्या भाषेची लाज वाटायला लावणे, यांतील अंतर या दोन विधानांमधील अंतराएवढेच आहे.