गाडी न दिसणारी रेल्वेचित्रे

रेल्वेचे चित्र म्हटले की टर्नर आठवतोच. मेडनहेडच्या पुलावरून येणारी ग्रेट वेस्टर्नची गाडी त्याने १८४४ मध्ये प्रदर्शित केली. इंजिन मात्र पावसात आणि वाफेत जवळजवळ विरघळून गेले आहे. रुळांवर जीव घेऊन पळणारा ससाही शोधावा लागतो. आधुनिक कलेतल्या रेल्वेची गंमत इथेच सुरू होते: गाडी जितकी कमी दिसते, तितके चित्र बोलके होते.

माने आणि मोने हे फ्रेंच चित्रकार शेजारी ठेवून पाहावेत. मोनेने १८७७ मध्ये पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकात बसून एकामागून एक चित्रे केली. काचेच्या छताखाली घुमणारी निळसर वाफ त्याने अशी रंगवली, की स्थानकातच आभाळ उतरले आहे असे वाटते. डोळे सुखावतात, पण स्थानकात माणसे कशाला येतात, हे त्यात कुठे जाणवत नाही. त्याच स्थानकाच्या परिसरातले मानेचे ‘द रेल्वे’ १८७३ चे. मांडीवर झोपलेले पिल्लू आणि उघडे पुस्तक घेऊन बसलेली बाई आपल्याकडे पाहते. छोटी मुलगी पाठमोरी, लोखंडी गज धरून पलीकडच्या वाफेकडे बघत उभी. नाव रेल्वेचे आणि रेल्वे गायब, म्हणून त्या काळी चित्राची टिंगल झाली. मला मात्र गाडीच्या गोंगाटाने बदललेली शहरी दुपार मोनेपेक्षा याच गजांतून जास्त दिसते.

पुढे इटलीत बोच्चोनीने १९११ मध्ये निरोपाची तीन चित्रे काढली. पहिल्यात इंजिनाचा आकडा ठळक आहे, दुसऱ्यात जाणारे, तिसऱ्यात मागे राहिलेले. उभ्या रेघांमध्ये गळून गेलेली ती मागची माणसे मला तिन्हींत सरस वाटतात. दुसरा इटालियन चित्रकार डी किरिको, त्याचे वडील रेल्वे अभियंते. मुलाच्या चित्रांत गाडी दूर क्षितिजावर, खेळण्याएवढी.

आणि आपल्याकडे? १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, पण लोकलचे चित्र म्हणून आजही बहुधा ओल्या रस्त्यावर दिवे सांडलेली मुंबईच्या व्ही.टी. स्थानकाची जलरंगी चित्रेच समोर येतात. दिवाणखान्याला शोभतात, गर्दीचा घाम त्यांत नसतो. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या सुधीर पटवर्धनांची वाट वेगळी. ‘लोअर परळ’सारख्या चित्रात त्यांना गाडीच्या वेगापेक्षा तिच्या आजूबाजूला वाढलेले, बदलत गेलेले गिरणगाव महत्त्वाचे वाटते.

व्ही.टी.च्या इमारतीवरच्या कोरीवकामात जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात होता. त्याच जे.जे.त शिकलेल्या जितिश कल्लाट यांनी ‘रिक्शॉपोलिस’ मालिकेतले कॅनव्हास त्या इमारतीवरच्या विचित्र प्राण्यांच्या कांस्य प्रतिकृतींवर टेकवले. वर शहराच्या रहदारीचा कल्लोळ, खाली स्थानकाचे जबडे. गाडी इथेही नाही.