द्व्यामुष्यायण : परदेशस्थ मराठी लेखनाविषयी एक विचार

आपल्या जुन्या धर्मशास्त्रात दत्तकाचा एक विशेष प्रकार सांगितला आहे. सामान्य दत्तकपुत्र जनकाचे गोत्र व दाय सोडून पालकाच्या घरी जातो. परंतु देणारा आणि घेणारा यांनी 'हा आम्हां उभयतांचा पुत्र' असा संकेत केला असेल, तर तो मुलगा दोन्ही पित्यांना पिंड देतो आणि दोन्ही घरचा वारसा घेतो. त्याला द्व्यामुष्यायण असे नाव आहे. शब्द उच्चारावयास कठीण, आणि आज तो फारसा कुणाच्या तोंडीही नाही. तथापि ज्याला आपण अलीकडे 'दुहेरी नागरिकत्व' म्हणतो त्याचे इतके नेमके देशी प्रतिरूप दुसरे सापडणार नाही. परदेशाचे नागरिकत्व पत्करलेल्या मराठी माणसाविषयी आणि त्याच्या लेखनाविषयी जे येथे म्हणावयाचे आहे, त्याचे सूत्र या शब्दात आहे.

बडोद्यात बसून हा विषय मांडताना प्रथम एक गैरसमज दूर करावा लागतो. येथील मराठी कुटुंबे पूर्वी गायकवाडांची प्रजा होती. १ मे १९४९ रोजी संस्थान विलीन झाले तेव्हा ती मुंबई प्रांतात आली आणि १ मे १९६० रोजी, घराचा उंबरठाही न ओलांडता, गुजरात राज्यात गेली. साहित्य संमेलन येथे १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशा चार वेळा भरले. अशा प्रसंगी बृहन्महाराष्ट्रातील मराठी माणूस हा 'दोन भाषांचा दुहेरी नागरिक' आहे, हे वाक्य हमखास टाळ्या घेते. वाक्य गोड आहे, पण यथार्थ नाही. आपल्या राज्यघटनेने साऱ्या देशाला एकच नागरिकत्व दिले आहे. राज्याचे वेगळे नागरिकत्व तिला ठाऊक नाही. बडोद्याच्या मराठी माणसाने कोणतीही शपथ घेतली नाही, कोणताही हक्क परत केला नाही. ज्या शब्दाची किंमत मोजावी लागत नाही तो शब्द अलंकार होतो, अनुभव होत नाही.

किंमत कोणाला मोजावी लागते, ते कायद्यावरून स्पष्ट होते. घटनेच्या नवव्या अनुच्छेदाने स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलेल्यास भारतीय नागरिक मानलेले नाही, आणि १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमाच्या नवव्या कलमानेही तोच नियम पुढे चालविला आहे. ब्रिटन आपल्या नव्या नागरिकाला जुने नागरिकत्व ठेवू देते. अमेरिका शपथेत पूर्वीच्या सर्व निष्ठांचा त्याग वदवून घेते, पण व्यवहारात जुन्या पारपत्राकडे काणाडोळा करते. संकेत मोडतो तो आपल्या बाजूने. घेणारा पिता 'उभयतांचा' म्हणावयास तयार असतो. देणारा पिता म्हणतो, गेलास तो गेलास. २००३ च्या दुरुस्तीने 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' ही श्रेणी निर्माण केली आणि २००५ मध्ये ती विस्तारली. या श्रेणीतील माणसाला आजन्म येण्याजाण्याची मुभा मिळते; मत देता येत नाही, घटनात्मक पद धारण करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. नावात 'सिटिझन' आहे, हक्कात नागरिकत्व नाही.

येथे एक योगायोग ध्यानात घेण्यासारखा आहे. नागरिकत्वाचा अधिनियम १९५५ चा, आणि हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम १९५६ चा. त्या दुसऱ्या कायद्याने दत्तक गेलेल्या मुलाचे जन्मकुटुंबाशी असलेले सारे संबंध दत्तकाच्या दिवसापासून तुटले असे मानले. म्हणजे लागोपाठच्या दोन वर्षांत आपल्या प्रजासत्ताकाने घरातला आणि देशातला असे दोन्ही द्व्यामुष्यायण नाकारले. पण दत्तकाच्या कायद्याने दोन अपवाद ठेवले : मुलाच्या नावे आधीच आलेली मालमत्ता त्याचीच राहील, आणि जन्मकुटुंबात ज्याच्याशी त्याला विवाह करता आला नसता त्याच्याशी तो पुढेही करता येणार नाही. संबंध तुटले म्हणूनही रक्त उरते, हे कायदा स्वतःच कबूल करतो. तुटले आणि उरले यांच्यामधली ही जी जागा, तीच वाङ्मयाची जागा होय.

आता प्रश्न असा, की परदेशस्थ मराठी लेखनाने या जागेत किती पाऊल टाकले? उत्तर देताना परंपरेचा विचार करावा लागतो. आपले परदेशविषयक लेखन हे मूलतः परतणाऱ्यांचे लेखन आहे. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेस गेल्या, तेथे जवळजवळ तीन वर्षे हिंडल्या, आणि परतल्यावर १८८९ मध्ये त्यांचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' प्रसिद्ध झाले. तेथील राज्यव्यवस्थेचे त्यांनी जे विवेचन केले, ते आपल्या पारतंत्र्याला आरसा दाखविण्यासाठी. त्या राज्यात सामील होण्यासाठी नव्हे. धर्मानंद कोसंबी यांचे 'निवेदन' १९२४ चे. गोव्यातील साखवाळचा हा तरुण काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश करीत, सयाजीरावांनी दिलेल्या दरमहा पन्नास रुपयांच्या आधाराने ग्रंथरचना करीत, १९१० मध्ये हार्वर्डला पोहोचतो. त्याचा शोध बुद्धाचा आहे; देशांच्या सीमा त्याच्या मार्गात येतात त्या नदीनाल्यांसारख्या. डॉ. जयंत नारळीकरांच्या 'चार नगरांतले माझे विश्व' मध्येही केंब्रिजनंतर मुंबई येते. १९७२ मध्ये ते परतले आणि त्या परतण्याचा विवेकी खुलासा ग्रंथात आहे. ही तिन्ही पुस्तके मोलाची आहेत. परंतु परतणारा लेखक दोन देशांची तुलना करतो. त्याला दोन देशांतून निवड करून ती निवड जन्मभर वागवावी लागत नाही.

जे परतले नाहीत त्यांचे लेखन आता पुष्कळ झाले आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे, उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासूनचे. टोरांटोहून 'एकता' सारखे नियतकालिक निघाले. नोकरीधंदा सांभाळून, वाचकांची खात्री नसताना मराठीत लिहिण्याची ही निष्ठा आदरणीय आहे. तरीही यांतील बऱ्याच कथा-कवितांचा साचा एकच दिसतो : बर्फ, एकाकी खिडकी, गणेशोत्सव, आईचा दूरध्वनी, आणि मायदेशाला दिलेली माहेराची उपमा. या उपमेपाशी थोडे थांबले पाहिजे. माहेर ही आपल्या जात्यावरच्या ओव्यांनी दिलेली अत्यंत समर्थ प्रतिमा आहे. पण ती ज्या स्त्रियांनी घडविली त्यांनी सासर निवडले नव्हते. त्यांना कोणी विचारले नव्हते, म्हणून त्यांच्या ओवीत व्याकूळता आहे आणि अपराध नाही. नागरिकत्व बदलणारा माणूस मात्र स्वतः अर्ज करतो, स्वतः परीक्षा देतो, स्वतः हात वर करून शपथ घेतो. त्याच्या दत्तकविधानात देणारा पिता, दिला जाणारा पुत्र आणि विधी सांगणारा भट, तिन्ही तोच असतो. माहेराची उपमा वापरली, की ही निवड झाकली जाते. व्याकूळता उरते, जबाबदारी निघून जाते. आणि जबाबदारी गेली की नाट्यही जाते.

गौरी देशपांडे यांनी मात्र परदेशी वावरणाऱ्या नायिकांना या माहेरपणापासून निश्चयाने दूर ठेवले. 'तेरुओ' सारख्या त्यांच्या लेखनात परदेश हे दुःखाचे नेपथ्य नाही आणि देश ही स्मरणाची पेटी नाही. निवडणे आणि निवडीचे परिणाम सोसणे हाच त्यांचा विषय आहे. परंतु त्यांची दृष्टी स्त्रीपुरुषसंबंधांतील स्वातंत्र्यावर खिळलेली आहे. राज्य आणि व्यक्ती यांच्या संबंधाला तोच निर्भयपणा लावणारी कादंबरी मराठीत अजून यावयाची आहे.

'नागरिकत्व ही कागदपत्रांची बाब; साहित्याचा संबंध भावनेशी' असा आक्षेप येथे घेतला जाईल. वस्तुतः हा भेदच कृत्रिम आहे. दत्तकपत्र हाही कागदच होता. पण त्या कागदाने कवळाण्याच्या गोपाळला २७ मे १८७५ रोजी सयाजीराव केले आणि बडोद्याचे भाग्य पालटले. कागद माणसाच्या आयुष्याचे काय करतो, याची उदाहरणे आपल्या विषयातही आहेत, आणि ती कल्पिताहून तीव्र आहेत.

अहमदाबादेत जन्मलेले सखाराम गणेश पंडित हे १९१४ मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले व पुढे वकिली करू लागले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हिंदी लोक 'गोरे' नाहीत, सबब नागरिकत्वास अपात्र, असा निर्णय दिला. थिंद यांचे वकील पंडितच होते. त्यानंतर सरकारने त्यांचेच नागरिकत्व काढून घेण्यासाठी दावा लावला. नव्या देशासाठी आपण जुने हक्क गमावले आहेत, आता हेही गेले तर आपल्याला देशच उरणार नाही, ही त्यांची बाजू होती. १९२६ मध्ये अपील न्यायालयात ते जिंकले. एका घराने सोडले, दुसरे घर बाहेर काढू पाहते, आणि मधल्या अंगणात उभा राहून माणूस कायद्याच्या भाषेत स्वतःची बाजू मांडतो! याहून मोठे नाट्य कोणते?

गोव्याचे उदाहरण याच्या उलट दिशेचे आहे. मुक्तीनंतर मार्च १९६२ च्या आदेशाने गोवेकर भारताचे नागरिक झाले. ज्याला पूर्वीचे नागरिकत्व ठेवावयाचे असेल त्याने महिन्याभरात तसे लिहून द्यावयाचे होते. मोंतेरो नावाच्या एका धर्मगुरूंनी तसे लिहून दिले. राहण्याचा परवाना १९६४ मध्ये संपला, तरी ते गोवा सोडून गेले नाहीत. जन्मभूमीत परकीय म्हणून त्यांच्यावर खटला झाला आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. येथे माणूस जागचा हलला नाही. देशच त्याच्याभोवती बदलला. आज त्याच गोव्यात जुन्या जन्मनोंदीच्या आधारे लिस्बनला नाव नोंदवून पोर्तुगीज पारपत्र घेणारी तरुण पिढी आहे. आजोबांचा जन्म हा तिच्यासाठी वारसाही आहे आणि तिकीटही. हा विषय एखाद्या समर्थ गोमंतकीय लेखणीची वाट पाहत आहे.

चरित्रवाङ्मयात मात्र एका ग्रंथाने या प्रदेशात प्रवेश केला आहे. वीणा गवाणकर यांनी डॉ. पांडुरंग खानखोजे यांचे चरित्र लिहिले आणि त्याला 'नाही चिरा' हे नाव दिले. वर्ध्याचा हा क्रांतिकारक गदर चळवळीतून, इराणातून, जर्मनीतून १९२४ मध्ये मेक्सिकोला पोहोचला, तेथे कृषिशास्त्रज्ञ म्हणून मान्यता पावला. दिएगो रिव्हेराने त्याला भित्तिचित्रात स्थान दिले. आणि ज्या स्वातंत्र्यासाठी तो परागंदा झाला ते मिळाल्यावर, इंग्रजांच्या जुन्या यादीत नाव राहिल्यामुळे स्वदेशाचा प्रवेश त्याला प्रथम नाकारला गेला! पुढे ते नागपुरास स्थायिक झाले व १९६७ मध्ये तेथेच वारले. या जीवनकथेत माहेराची उपमा टिकूच शकत नाही, कारण येथे मातेनेच पुत्राला ओळखले नाही. देश ही भावना आहे आणि देश हे कार्यालयही आहे, आणि या दोहोंची गाठ पडेलच असे नाही, हा बोध अशा चरित्रातून होतो. ललित लेखनाने तो अजून आत्मसात केलेला नाही.

हा प्रश्न दूरचा नाही. आमच्या सुभानपुऱ्यासारख्या वसाहतीत मुलगा अमेरिकेत, मुलगी कॅनडात, अशी घरे गल्लोगल्ली आहेत. मुलगा तिकडचा नागरिक झाला की इकडचे पारपत्र परत करतो. ते रद्द करून, कोपरा कापून त्याला परत मिळते. अशा घरांतील आईवडील मुलाच्या यशाचा अभिमान बाळगतात, त्या कापलेल्या कोपऱ्याविषयी बोलत नाहीत. मुलगाही बोलत नाही. तो मराठी मंडळाच्या अंकात कविता लिहितो आणि ती पावसावर असते. जे दोन्ही घरांत बोलले जात नाही, ते लिहिण्यासाठीच तर वाङ्मय असते.

कायद्याने द्व्यामुष्यायण मानावा की नाही, हा प्रश्न संसदेचा आहे. ज्याने मत देण्याचा हक्क आणि त्यासोबत कर्तव्यही सोडले, त्याला ते सहजी परत द्यावे असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. निष्ठेला काही मोल असावे. भाषेचे शास्त्र मात्र निराळे आहे. तिला पारपत्र परत करावे लागत नाही, आणि दोन पित्यांचा पुत्र तिच्या घरी आजही वारसा घेऊ शकतो. पण वारसा घेणाऱ्याने पिंडही दिला पाहिजे. म्हणून या लेखनाचे परीक्षण करताना, वर्गात ते शिकविताना आणि पारितोषिकासाठी निवडताना, 'याला आपली आठवण किती येते?' हा आत्मसंतुष्ट प्रश्न आपण सोडून द्यावा. 'याने काय दिले, काय घेतले, आणि त्याचा हिशेब मराठीत मांडण्याचे धैर्य याच्याजवळ आहे काय?' असे विचारावे. त्या कसोटीला उतरणारी चार पुस्तके आली, तरी परदेशस्थ मराठी लेखन हे मराठी वाङ्मयाचे परिशिष्ट न राहता त्याचे एक प्रकरण होईल.